झाकणातला कढीपत्ता

अहमदपूरहून लातूरला आमच्या घरातलं सगळ्यात जास्त वेळा कोणी गेलं असेल, तर तो स्टीलचा डबा. रोज सकाळच्या एसटीत तो कंडक्टरच्या सीटखाली बसतो, जेवणाच्या वेळेला लातूर गाठतो आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामा होऊन परत येतो. झाकणावर आमच्या मुलाचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे. अशी नावं कोरलेले पंचवीस-तीस डबे त्या गाडीत असतात. शिकवण्यांसाठी पोरं लातूरला ठेवलेल्या आयांनी ही सोय काढली आणि कंडक्टर लोक ती माणुसकीनं चालवतात. ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांना सांगतो, थंडीत काचा लावलेल्या असल्या की आत तीस घरांच्या फोडण्यांचा एकच वास होतो. कोणती कोणाची, ते ओळखू येत नाही.

मी धान्याच्या मोंढ्यात एका अडत दुकानावर मुनीम आहे. मालाची आवक, वजन, घट हे माझं काम. तुरीचा हंगाम भरात असताना सुट्टी मागितली तेव्हा मालकांनी चष्म्यावरून बघितलं.

"मुनीमजी, तूर सोडून कुठं निघालात?"

"माहूरला," मी सांगितलं. तेही खरंच होतं. पण कारण वेगळं होतं.

संक्रांतीला विनायक घरी आला होता. बारावीला आहे, परीक्षा तोंडावर आलेली. दुकानावर मला भेटायला आला, तर हमालांनी चेष्टेनं त्याला काट्यावर उभं केलं. गणपतीत त्याच काट्यावर तो अठ्ठावन्न किलो होता. या वेळी एकोणपन्नास. तुरीचा कट्टा पन्नास किलोचा भरतो. माझा मुलगा एका कट्ट्यालाही पुरा उतरत नव्हता. वाळलेल्या मालात आम्ही शेकडा दोन-तीन घट धरतो. ही पंधराच्या वर गेली होती. हमाल हसले. मी हसलो नाही.

माझी बायको सुमन हिला तर काहीच उमजेना, कारण डबा रोज चाटूनपुसून येत होता. ती आधी तीन भाकरी द्यायची, मग चार, आता सहा. शिवाय एक गोष्ट तिला फार अभिमानाची वाटत होती. विनायकला लहानपणापासून खोड आहे: भाजीतली, चटणीतली, चुरमुऱ्यांच्या सुशील्यातली कढीपत्त्याची पानं तो बोटानं वेचून काढतो. पहिले काही महिने डबा उघडला की झाकणात ती पानं असायची. दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. "लातूरनं शहाणं केलं बघा पोराला," ती शेजारणींना सांगायची, "कढीपत्ता खायला लागला."

सहा भाकरी खाणारा माणूस नऊ किलोनं कसा उतरतो, हा हिशेब मला लागेना. म्हणून त्या सकाळी मी डबा कंडक्टरच्या हाती दिला नाही. तो मांडीवर घेऊन मीच गाडीत बसलो.

लातूर

लातूरच्या स्टँडवर डबे उतरतात ते दृश्य बघण्यासारखं असतं. गाडी थांबायच्या आधीच सायकलवाली पोरं दाराशी येतात. कंडक्टर नावं पुकारतो आणि डबे हातोहात खाली जातात. विनायक मागं उभा होता. डब्यासोबत मला खाली येताना बघून त्याचा चेहरा उतरला.

"अण्णा, तुम्ही? काय झालं घरी?"

"घरी काही नाही. चल, जेवू सोबत."

"मी नंतर जेवतो. क्लास आहे."

त्यानं डबा हँडलला अडकवला. मी त्याच्या सायकलीच्या कडेनं चालत निघालो. लातूर आता ओळखू येत नाही. ज्या गल्लीत पूर्वी दोन किराणा दुकानं होती, तिथं भिंतभर डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो आहेत, प्रत्येकाखाली टक्के. आमच्याकडे मोंढ्यात सौदा होईपर्यंत भाव रुमालाखाली, बोटांवर ठरवत असत. इथं पोरांचे भाव उघड्यावर लावलेले. मी दशांश चिन्हापर्यंत सगळे वाचले. सवय.

क्लासच्या बाहेर कडुलिंब आहे. त्याच्याखाली चार-पाच मुलं-मुली होती. त्यातली एक बारकी, दोन वेण्यांची मुलगी आमच्याकडे बघून ओरडली, "ए विन्या, सासूबाईंनी आज काय धाडलंय रे?"

विनायकचे कान लाल झाले. "अण्णा आलेत," तो कसंबसं म्हणाला.

मुलीनं जीभ चावली. "अय्यो!" म्हणत हातातली वही शेजारच्या मुलाकडे फेकली आणि भर रस्त्यात माझ्या पाया पडली. "काका, राग मानू नका. ज्यांचा डबा खाते त्या सगळ्या माझ्या सासूबाई. औशाच्या एक, चाकूरच्या एक, निलंग्याच्या एक. चार सासवा आहेत मला. पण एक नंबर चटणी तुमच्याच घरची."

"चार सासवा म्हणजे अवघड आहे," मी म्हणालो. मी असं काही म्हणेन असं मलाच वाटलं नव्हतं.

"अवघड कशाचं? एकीचीही भांडी घासावी लागत नाहीत!"

ही तेजू. देगलूरची, मास्तरांची मुलगी. तिनं विनायकच्या सायकलवरून डबा घेतला, पारावर मांडला आणि माझ्याच बायकोची भाकरी मला वाढून म्हणाली, "घ्या काका, घरचंच समजा." मग तुरीला भाव काय, ओल्या मालाला कमी का देतात, हमालीचं कसं, असं विचारत राहिली. आमच्या घरात हे आजवर कोणी विचारलेलं नाही. मी घास हातात धरून सांगत बसलो. ती ऐकताना डोळे मोठे करते आणि समोरच्याला वाटतं, याच्याएवढं महत्त्वाचं जगात काही नाही. थोड्या वेळानं तिनं असंच शेजारच्या चहावाल्याचं ऐकलं, मग गेटवरच्या शिपायाचं. डोळे तेवढेच मोठे.

डबा फिरत होता. विनायक खात नव्हता. "मी मेसला खाल्लं," तो म्हणाला. शेवटची चतकोर भाकरी तेजूनं चटणी लावून मुडपली आणि त्याच्यासमोर धरली. त्यानं हात पुढं केला. "तुला काय, तू तर घरचा!" असं म्हणून तिनं ती शेजारच्या निलेशच्या तळहातावर ठेवली. निलेश उंच, त्याच्याकडे मोटारसायकल आहे. सगळे हसले. विनायकही हसला. तो हात मात्र त्यानं बराच वेळ मागं घेतला नाही.

डबा मी नीट बघितला. भाकरीचा तुकडा नाही, झाकणात पान नाही.

विनायकची खोली म्हणजे पत्र्याचं शेड. भूकंपाच्या साली घरमालकांनी अंगणात झोपायला ते घातलं होतं. माणसं छताखाली जायला तयार नव्हती तेव्हा. पुढं भीती गेली, शेड राहिलं. आता त्यात चार पोरं भाड्यानं असतात. मी मेस कुठली म्हणून विचारलं, तर विनायक उत्तर देईना. दारात तूर निवडत बसलेल्या मालकीणबाईंनी दिलं.

"कुठली मेस आन् कुठलं काय, भाऊ. पोरगं चहा-बिस्किटावर हाय. म्या दोनदा वरण-भात दिला. कढीपत्ता तेवढा काढून ठिवला, बाकी ताट चाटलं पोरानं."

मला हिशेब लागला. सुमननं वाढवलेली एकही भाकरी त्याच्या पोटात गेली नव्हती.

मी त्याला म्हणालो, आईचा नवस आहे, तीन दिवस माहूरला जाऊन येऊ. तो नको म्हणेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "सोमवारी टेस्ट आहे. तोवर येऊ ना परत?" निघताना तेजू कोपऱ्यावर भेटली. "काका, अर्धापूरवरून जाणार ना? केळी आणा मला!"

"आणतो," मी म्हणालो. विनायकनं माझ्याकडे बघितलं. त्या एका शब्दात मीही त्याच्या रांगेत जाऊन उभा राहिलो होतो.

नांदेड

नांदेडला माझी धाकटी बहीण शांता असते. विनायकला बघून तिनं कपाळाला हात लावला. "अगं बाई, काडी झाला की रे! लातुरात पाणी पिऊन डॉक्टर होतेत का? दादा, ह्याला कुणाची नजर लागली का कुणाची नजर पडंना झालीय?"

शांता फार शिकलेली नाही, पण तिला दिसतं. तिनं मीठ-मोहरी उतरवली. विनायक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दुपारी आम्ही गुरुद्वाऱ्यात गेलो. नांदेडला गेलेल्यानं लंगरमध्ये जेवल्याशिवाय परत येऊ नये असं माझं मत आहे. आपल्याकडे पंगतीत वाढपी ओळखीच्या पानापुढं थोडा थांबतो. तिथं कोणापुढंही थांबत नाही आणि कोणाला चुकवतही नाही. रोटी दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यावी लागते. विनायकनं ओंजळ पसरली. पिकलेल्या दाढीच्या सरदारजींनी त्यात रोटी टाकली, वर दुसरी टाकली आणि त्याच्याकडे न बघता पुढं गेले. विनायकनं दोन्ही खाल्ल्या, दाळ संपवली. तिसरीसाठी पुन्हा हात पसरले. मी माझं जेवण विसरून त्याच्याकडे बघत होतो. मला वाटलं, सुटलं. पोराला बाहेर काढायचाच अवकाश होता.

पायऱ्यांवर बूट घालताना तो म्हणाला, "तेजूला हे लई आवडलं असतं. तिला आणायला पाहिजे एकदा इथं."



माहूर

माहूरला आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. सागाची पानं गळालेली, डोंगर उघडे. आमचा भाग सपाट. इथं गाडी वळणावर वळण घेत चढते आणि प्रत्येक वळणाला बाया "उदो" म्हणतात. गडाच्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दुकानं. खलबत्त्यात विड्याची पानं, सुपारी, कात, बडीशेप कुटण्याचा आवाज सारखा चालू असतो. रेणुकेला हा कुटलेला तांबूल लागतो. तिच्या मुखाला लावतात आणि मग प्रसाद म्हणून देतात. आमच्याकडे तुळजापूरला हे नाही.

अर्ध्या पायऱ्यांवर विनायकला चक्कर आली. तो कठड्याला धरून खाली बसला. ओठ पांढरे. तांबूल कुटणाऱ्या बाईनं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. "उपास हाय का लेकराचा?" तिनं विचारलं.

"हाव, उपासच हाय," मी म्हणालो.

आम्ही तिथंच बसलो. माणसं चढत होती, उतरत होती. मी मुद्द्याचं बोलायचं ठरवलं. मला दुसरं येत नाही.

"विनू, मी डबा बंद करतो. मेसचे पैसे भरतो. वेळेवर जेव, परीक्षा दे."

तो चटकन म्हणाला, "नका करू, अण्णा."

"तू खात नाहीस. मग कशाला पाठवायचा?"

"बंद केला तर ती माझ्याकडं कशाला येईल?"

पोरानं हिशेब बरोबर केला होता.

"निलेशकडं गाडी हाय," तो पायरीकडे बघत म्हणाला. "औशाचा पोरगा गातो. माझ्याकडं डबा हाय."

"ती तुला काही म्हणाली आहे का कधी?"

"रोजच म्हणते. विन्या, तू नसतास तर मी मेलेच असते म्हणते. निलेशलाही म्हणते. रिक्षावाल्यालाही म्हणते. खोटं नाही म्हणत अण्णा ती. म्हणताना तिला तसंच वाटतं."

"मग तुला कळतं की सगळं."

"कळतं. भूकंपानंतर आपण तांब्यावर वाटी ठेवून झोपायचो, आठवतंय? वाटी वाजली की सगळे बाहेर. आई मला फरफटत न्यायची. आन् बाहेर गेल्यावर कळायचं, रोडवरून ट्रक गेला होता."

"आठवतंय."

"तसं हाय. तिनं हाक मारली की वाजतंय. ट्रक हाय हे ठाऊक असतंय. तरी पळतो."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाताला मणके लागले. ही मुलगी वाईट असती तर माझं काम सोपं होतं. चार शब्द बोललो असतो, क्लासवाल्यांना भेटलो असतो. ती उनाड नव्हती, लबाड नव्हती. कोणी काही दिलं तर आनंदानं घेणारी मुलगी होती, आणि आनंद लपवत नव्हती. तिला मी काय सांगणार होतो? पोरी, कमी हस?

नवस फेडला. सुमननं सांगितलं होतं, पोराला पास कर म्हण. मी हात जोडून म्हणालो, पोराला जेवू दे. पुजाऱ्यांनी दोघांच्याही हातावर चिमूट चिमूट तांबूल ठेवला. मी खाल्ला. विनायकनं रुमालाच्या टोकाला बांधला.

"खा की. प्रसाद आहे."

"नंतर खातो," तो म्हणाला. कोणासाठी ठेवला, ते मी विचारलं नाही.

अर्धापूर आणि परत नांदेड

परतताना अर्धापूरला उतरलो. रस्त्याच्या कडेला केळीचे घड पानांवर मांडलेले असतात आणि बागवान लोक वजनावर नाही, नजरेवर भाव सांगतात. मला ते खपत नाही. पण त्या दिवशी मी घासाघीस केली नाही. विनायक फणी हातात घेऊन डाग बघत होता, एकेक केळं दाबून न दाबल्यासारखं करत होता. कित्येक महिन्यांत त्यानं एवढ्या मन लावून काही केलेलं मी पाहिलं नव्हतं. मी त्याला एक केळं सोलून दिलं. त्यानं अर्धं खाल्लं. अर्धं मला दिलं.

नांदेडला भांड्यांच्या दुकानात मी दुसरा डबा घेतला. मनाशी असं ठरवलं होतं: डबा बंद करता येत नाही, तर दोन पाठवू. एक तिला, एक त्याला. मोंढ्यात खराब मालाचं नुकसान चांगल्यात घालून भागवतात, तसं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारे एक चाचा मशीन घेऊन बसले होते. त्यांनी झाकण मांडीवर घेतलं.

"नाव बोला भाईसाब. किसके नाम का डालू?"

कोणाचं नाव घालायचं, ते मी ठरवलंच नव्हतं. विनायक माझ्या तोंडाकडे बघत होता.

चाचांना आमची अडचण भलतीच वाटली. "शादीचं हाय का? दोघांचे बी डालता येतेत. बीच में फूल बनाता हूँ."

विनायकचा चेहरा असा उजळला, की मला तिकडे बघवलं नाही. पोराच्या मनात तेवढ्या वेळात ते फूल कोरून झालं होतं.

"कोरंच राहू द्या," मी म्हणालो.

चाचांनी झाकण पुसून परत दिलं. विनायक केळी उचलून एकटाच रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

अहमदपूर

लातूरची गाडी अहमदपूरला थोडी थांबते. मी उतरलो. विनायक केळी मांडीवर घेऊन खिडकीशी बसून राहिला. स्टँडवर सुमन आली होती, हातात डबा. खिडकीतून डबा वर देताना तिनं त्याच्या गालाला हात लावला.

"जेवतोस ना रे?"

"हाव."

"सुशीला हाय. गरम हाय तोवर खा."

गाडी गेली. घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, जसं इथं लिहिलं तसंच, काही गाळलं नाही. तेजूचं, चतकोर भाकरीचं, पायऱ्यांवरच्या चक्करेचं. ती ऐकत राहिली. मध्ये रडली नाही की त्या पोरीला शिवी दिली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हणजे कढीपत्ता खायला तो शिकलाच नव्हता."

दुसऱ्या दिवसापासून दोन डबे जायला लागले. नावाचा त्याचा, कोरा तिचा. विनायकला चिठ्ठी लिहून तसं कळवलं. दोन्हींत तेच अन्न, कारण सुमन म्हणाली, कमी-जास्त केलं तर तो चांगला तिला देईल. संध्याकाळच्या गाडीला आम्ही दोघंही स्टँडवर गेलो. इतक्या वर्षांत आम्ही असं सोबत कुठं गेलो नव्हतो. कंडक्टर हसला. "मुनीमजी, भूक वाढली वाटतं पोराची! दोन-दोन डबे साफ!"

घरी येईपर्यंत सुमनला दम धरवला नाही. वाटेतच, बल्बाखाली पानटपरीजवळ, तिनं नावाचा डबा उघडला. भाकरीचा तुकडा नव्हता. तिनं झाकण उजेडाकडे धरलं, बोट फिरवलं. एकही पान नव्हतं. मग कोरा उघडला. तोही तसाच.

तेव्हापासून रोज दोन डबे जातात आणि दोन्ही साफ येतात. बारावीचा पेपर जवळ आला आहे. परवा मी मेसचे पैसे परस्पर भरले. मेसवाल्यानं निरोप धाडला की पोरगा येत नाही. घरी घेऊन येऊ का म्हणून विचारलं, तर विनायकनं कळवलं, नको, इथं अभ्यास होतो. मी लातूरला पुन्हा जाणार आहे. जाऊन काय करणार, ते मला माहीत नाही.

सुमन पहाटे उठते. तिनं आता फोडणीत कढीपत्ता दुप्पट घालायला सुरुवात केली आहे. आयुष्यभर मी दुकानावर वाया गेलेल्या दाण्यासाठी हमालांवर ओरडत आलो. आता रोज संध्याकाळी आम्ही दोघं स्टँडवर उभे असतो, आणि टाकून दिलेली दोन-चार पानं परत यावीत एवढीच वाट बघतो.